नवस आहे का?

इंदूरहून महेश्वर ९० किलोमीटरच्या आसपास. सायकलवर एवढं जाताना मांड्या भरून येतात, पाठ धरते आणि सीटला टेकणाऱ्या भागाबद्दल तर चारचौघांत बोलताही येत नाही. तेही सोसता येतं. लोकांची चौकशी सोसवत नाही.

राऊला पोह्यांवर जिरावण भुरभुरता भुरभुरता गाडीवाल्याने माझी तंग चड्डी न्याहाळली, हेल्मेट न्याहाळलं, सायकल न्याहाळली. "भिया, कित्ते की है?" खरी किंमत मी घरीही सांगितलेली नाही, म्हणून निम्मी सांगितली. त्यावर तो कळवळला. "इत्ते में तो पुरानी मोटरसाइकिल आ जाती!" आणि पोह्यांत मूठभर शेव जास्त घातली.

महूला चहाच्या टपरीवर एक मराठी काकू भेटल्या. "नवस आहे का रे बाळा?" नाही म्हटलं. "मग डॉक्टरांनी सांगितलंय?" तेही नाही. काकूंचा चेहराच पडला. मौजेखातर घाम गाळणारा माणूस त्यांच्या हिशेबात कुठेच बसेना.

पुढे जाम दरवाजा. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला, माळवा संपून निमाड सुरू होतो त्या कड्यावर. तेव्हाचे पहारेकरीही 'कुठून आलात, कशाला निघालात' हेच विचारत असणार. आता दरवाजावर पहारा नाही, तो रस्ताभर पसरलाय.

घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. खाली निमाडचं ऊन, आणि त्यातच मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने ट्यूबला ठिगळ लावलं खरं, पण माझा सुईसारखा बारीक वॉल्व्ह पाहून तो थबकला. "इसमें हवा किधर से जाती है?" मी पिशवीतून पितळी टोपी काढून त्यावर बसवली, पंपाची नळी लागली, हवा भरली. तोवर अर्धं गाव गोळा झालेलं. सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न : क्यों?

म्हटलं, "मन्नत है."

काय फरक पडला म्हणून सांगू! खाट आली, पाणी आलं, चहा आला. पंक्चरचे पैसे घ्यायला तो तयार होईना. "नर्मदे हर!" म्हणत लोकांनी मला रस्त्याला लावलं. मंडलेश्वर कधी मागे पडलं कळलंही नाही.

पण पंक्चरवाल्याचा मेहुणा महेश्वरच्या घाटावर नाव चालवतो, आणि फोन सगळ्यांकडे असतात. मी पोचलो तेव्हा मेहुणा, एक पंडितजी आणि सोललेला नारळ पायऱ्यांवर वाट पाहत होते. दक्षिणेचा आकडा ऐकून पंक्चरचे पैसे वाचल्याचा आनंद मावळला. पंडितजींनी ओंजळीत पाणी घ्यायला लावलं आणि विचारलं, "मन की इच्छा बोलो."

डोळे मिटले आणि अगदी मनापासून मागितलं : मैया, परतीच्या बसच्या टपावर सायकलला जागा मिळू दे.