फोर्ट 'इंग्रजांनी बांधून दिलं' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागाबद्दल व्हॉट्सॲपवर एक मजकूर गेली काही वर्षं फिरतोय, सुट्ट्या लागल्या की हमखास पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: 'फोर्टमधल्या सगळ्या देखण्या इमारती इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या माणसांकडून बांधल्या, जाताना आपल्याला देऊन गेले. गेटवे ऑफ इंडियातून राजा पंचम जॉर्ज मुंबईत शिरला. ताज हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं म्हणून त्याच्या गोऱ्या वास्तुविशारदाने जीव दिला. फोर्ट आता नुसतं नाव, किल्ल्याचा दगडही उरलेला नाही. गेटवे ते सीएसएमटी दीड तासात उरकतं, कधीही जा.' यातलं प्रत्येक वाक्य एक तर चूक आहे, नाही तर अर्धवट. हे वाचून निघालेला माणूस इमारतीसमोर उभा राहूनही तिच्यावरची नावं वाचत नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

सुरुवात पैशापासून, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे. ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर घ्या. कापसाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले, मग टॉवरसाठी आणखी २ लाख दिले आणि नाव आईचं ठेवायला सांगितलं. हा पैसा आला कुठून? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच बाजार कोसळला, प्रेमचंद स्वतः बुडाले, पण त्यांनी दिलेल्या देणगीतून टॉवर उभा राहिला. १८६९ साली पाया घातला, १८७८ साली काम पुरं झालं. उंची २८० फूट. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांनी १ लाख दिले. काळा घोड्याच्या चौकातल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाला ससून यांचे ६० हजार होते. फ्लोरा फाउंटनच्या सुमारे ४७ हजारांच्या खर्चातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांचे. ज्यांचं नाव इमारतीवर किंवा पाटीवर आहे त्यांच्यात पारशी, बगदादी ज्यू, जैन असे मुंबईचेच लोक दिसतात.

'पण सीएसएमटी तर रेल्वे कंपनीने बांधलं ना?' हो, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलं. भांडवल लंडनच्या भागधारकांचं होतं, पण त्यांना वर्षाला ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली होती. कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघायची. जोखीम शेतसारा भरणाऱ्याची आणि व्याज लंडनचं, अशी ती व्यवस्था. गेटवेचा सुमारे २१ लाखांचा खर्चही मुख्यतः हिंदुस्थान सरकारने केला, म्हणजे इथल्याच करातून. किल्ल्याचे तट पाडल्यावर मोकळी झालेली जमीन विकून आलेला पैसाही सरकारी इमारतींकडे वळला.

आता माणसं. इथे फॉरवर्डची एक बाजू मान्य करायला हवी: आराखडे बहुतेक इंग्रजांचे आहेत. टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. हायकोर्ट जेम्स फुलर यांचं, सीएसएमटी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं. फ्लोरा फाउंटनचा पोर्टलंड दगड आणि वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आताच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आला, हेही खरं. पण कागदावरचा आराखडा दगडात उतरवताना इथले लोक होते आणि त्यांची नावं नोंदलेली आहेत. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यांनी घडवले. सीएसएमटीवर स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन यांनी काम केलं. कोरीव कामाचा मोठा भाग जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा.

दगडही बघा, कारण 'सगळ्या काळ्याकुट्ट, नीट धुतल्या की लंडन' असंही त्या मजकुराच्या काही आवृत्त्यांत असतं. जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, भिंतीजवळ जा. जॉन बेग यांची ही इमारत १९१३ साली पुरी झाली, घुमट विजापूरच्या गोल घुमटावर बेतलेला आहे. एकाच भिंतीत तीन दगड दिसतील: काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळट आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. काळा दगड मुळातच काळा आहे, ती धूळ नव्हे. बेसाल्ट कठीण, त्यावर बारीक नक्षी महाग पडते, म्हणून त्याच्या ओबडधोबड भिंती. फोर्टात नक्षीची पानं-फुलं आणि चेहरे बहुतेक मऊ, फिकट दगडात आहेत, पोरबंदरचा चुनखडक त्यातलाच. समुद्राच्या खाऱ्या हवेत आधी झिजतो तोच. वाळूचा मारा करून तो 'स्वच्छ' केला की वरची घट्ट साल निघून जाते आणि पुढच्या पावसाळ्यांत झीज वाढते. सांधे सिमेंटने भरले तर भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग तो दगडातून निघतो आणि सोबतचे क्षार पापुद्रे उडवतात. म्हणून दुरुस्ती चुन्यातच करायची असते. कुठल्याही जुन्या भिंतीवर करडे, कडक सांधे आणि त्यांच्या कडेने भुगा होत चाललेला दगड दिसला, तर कारण बहुधा हेच.

गेटवेचा मुद्दा लवकर संपतो. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ चा, जॉर्ज विटेट यांच्या अंतिम आराखड्याला मंजुरी १९१४ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. कमानीतून राजा आला नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण मात्र इथूनच गेली. समोर सरळ येणारा रस्ता नाही याचं कारणही साधं आहे, त्यासाठी पैसे उरले नाहीत.

याच तारखा हाताशी असल्या की ताजची दंतकथा आपोआप कोसळते. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. तेव्हा गेटवे नव्हता आणि त्याखालची भराव घातलेली जमीनही नव्हती. घोडागाड्या शहराच्या बाजूने यायच्या, म्हणून दार पश्चिमेला होतं. आता पोहण्याचा तलाव आहे ती प्रवेशाची बाजू. समुद्राकडची बाजू खोल्यांना दिली कारण तिथे वारा मिळायचा. आणि तो 'गोरा वास्तुविशारद'? आराखडा केला सीएसएमटीवर काम केलेल्या त्याच सीताराम खंडेराव वैद्यांनी, डी. एन. मिर्झा यांच्यासह. काम चालू असतानाच वैद्य आजारपणात वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्ण केलं. मरण पावलेल्या मराठी अभियंत्याच्या जागी जीव देणारा काल्पनिक साहेब आणून बसवला गेला, ही चूक किरकोळ नाही.

किल्ल्याचा दगड उरला नाही, हेही खोटं. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात १८६२ पासून तट पाडले, पण सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला भिंतीचा भाग उभा आहे आणि राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालयही तिथेच आहे. बॉम्बे कॅसल नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात आहे; तिथे लोकांना प्रवेश नाही, आणि त्या बाजूच्या फाटकांचे फोटोही काढू नयेत. बाकीचा किल्ला रस्त्यांत वाचता येतो. काळा घोड्याजवळची रॅम्पार्ट रो तटाच्या रेषेवर आहे. चर्चगेट म्हणजे स्टेशन नव्हे, तो दरवाजा हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या जागी होता, सेंट थॉमस चर्चकडे जाणारा.

राहिलं दीड तासाचं. सरळ चाललं तर गेटवे ते सीएसएमटी अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, म्हणून तो आकडा येतो. पण काळा घोडा, ओव्हल, हायकोर्ट, हुतात्मा चौक, सेंट थॉमस, हॉर्निमन सर्कल, टाउन हॉल, जीपीओ असं वळत गेलात तर चार तास हवेत. 'कधीही जा' तर अजिबात ऐकू नका. टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, टाउन हॉल या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी ऊन मागून येतं आणि समोरची नक्षी काळोखात राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारी दोनच्या सुमारास गेटवेपासून निघा. टॉवर ओव्हलच्या पश्चिम कडेवरून बघा. तिथे पाठीशी आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग असते, आणि २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्या ही रांग आणि समोरची टॉवर-हायकोर्टची रांग, अशा दोन्ही मिळून. पुतळे खूप वर आहेत, ८ पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण खिशात ठेवा, मोबाइलच्या झूमने चेहरे कळत नाहीत. रविवारी रस्ते मोकळे असतात पण आत जाता येत नाही, हायकोर्ट बंद असतं. टाउन हॉलच्या ३० पायऱ्या चढून आत नाना शंकरशेटांचा पुतळा बघायचा असेल तर कामाचा दिवस निवडा.

शेवटी सीएसएमटी, पण महापालिकेच्या बाजूच्या पदपथावरून. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, इंग्लंड आणि हिंदुस्थान. भिंतीवरच्या गोल चौकटींत कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट शोधा. पगडीवरून ओळखू येतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण रंगीत रोषणाई सुरू झाली की सावल्या जातात आणि ते चेहरे सपाट दिसतात.