केकवरचा पर

आज संध्याकाळी कोथरूडला आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाच्या चौथ्या वाढदिवसाला गेले होते. केक शार्कच्या आकाराचा होता, निळा, आणि पाठीवर साखरेचा उभा त्रिकोणी पर. स्पीकरवर ‘बेबी शार्क’ लागले होते. मुलाच्या हातात सुरी येताच मोठी माणसे एका सुरात ओरडली, ‘‘आधी पर काप, पर!’’ त्याने कापला, टाळ्या पडल्या, आणि अतिगोड म्हणून कोणीच न खाल्लेला तो पर थोड्याच वेळात खरकट्याच्या पिशवीत गेला. मला तिथे बसवेना.

मला मिरकरवाडा आठवला. १९९६ साली रत्नागिरीला मावशीकडे गेले असताना पहाटे तिथल्या बंदरावर एक मुशी, म्हणजे लहान शार्क, पडलेली पाहिली होती. पाठीवरचा आणि छातीजवळचे दोन्ही पर मुळापासून कापलेले, शेजारी गोणपाटावर तसेच पर सुकत घातलेले. मी तिच्या अंगावरून हात फिरवला. डोक्याकडून शेपटीकडे तो सहज सरकला, उलट फिरवला तेव्हा पॉलिशपेपरसारखा खरखरला, कारण त्या कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात. हाताला तो स्पर्श अजून आठवतो.

गाण्या-संगीताने या जिवावर अन्यायच केला आहे. आपल्या पुण्याने १९७८ साली ज्याचे रूपांतर ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून डोक्यावर घेतले, त्या १९२८ च्या मूळ जर्मन नाटकातले मॅकी या गुंडाचे गाणे शार्कच्या दातांपासून सुरू होते आणि पुढच्याच कडव्यात, रक्त सांडले की त्याचे पर लाल होतात, असे सांगते. गुन्हेगार माणूस, आणि उपमेला मासा! १९७५ साली ‘जॉज’ या शार्कवरच्या सिनेमातल्या दोन स्वरांनी तर साऱ्या जगाला पाण्याची धास्ती घातली. ‘बेबी शार्क’ निरागस आहे, हे मान्य. २०२२ च्या जानेवारीत ते यूट्यूबवर १,००० कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले चलचित्र ठरले. पण त्या १,००० कोटींतल्या किती वेळा एखाद्या मोठ्या माणसाने शेजारच्या मुलाला सांगितले असेल की पर कशासाठी असतो?

पाठीवरचा पर शार्कला पाण्यात कलंडू देत नाही. शार्कच्या पोटात इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते, म्हणून छातीजवळचे पर त्याला वर तोलून धरतात. अनेक जातींना तर कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावेच लागते. पर कापून जिवंत धड समुद्रात फेकले की ते तळाशी जाते आणि गुदमरून मरते. हे सगळे एका सूपसाठी, ज्यात पराला स्वतःची चवही नसते! चव कोंबडीच्या रश्श्याची, पराचे नुसते धागे. चाळीस कोटी वर्षांहून जुना हा वंश, आणि माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

आपल्या किनाऱ्यावर धड वाया जात नाही, हे खरे. मावशीच्या हातची मोरीची, म्हणजे शार्कचीच, आमटी मीही आवडीने खाल्ली आहे, आणि त्या बंदरावरच्या माणसांचे पोट त्यावर होते, हेही मला दिसत होते. सरकारनेही २०१३ साली पर धडासकटच किनाऱ्यावर आणण्याचा नियम केला आणि २०१५ साली परांची निर्यात बंद केली. ठीक आहे. पण कायदा बंदरावर लागू होतो, वाढदिवसाच्या टेबलावर नाही.

त्या घरच्यांवर माझा राग नाही. त्या मुलाच्या आईने केक रात्री जागून स्वतः केला होता आणि पराचा बाक तिने अगदी हुबेहूब साधला होता. तेवढे निरखून पाहणारी ती बाई मिरकरवाड्याला माझ्याबरोबर असती तर तिलाही गलबलून आले असते.

घरी येताना जिन्यात माझा नातू डोक्यावर तळवे जोडून पर करून चालत होता. मी त्याला त्या मुशीबद्दल सांगितले, कातडी उलट फिरवली की कशी लागते तेही सांगितले. तो दोन पायऱ्या गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘आजी, तिला दुखलं का गं?’’ मी हो म्हणाले. त्याने हात खाली घेतले नाहीत, उलट तळवे आणखी घट्ट जोडले आणि तसाच दारापर्यंत चढला.