अकरा महिन्यांचं सुख

कॅम्पसच्या फॉर्मवर 'कशा प्रकारची नोकरी हवी?' असा रकाना दिसलाच, तर त्यात 'परमनंट' लिहून स्वतःचं हसं करून घेऊ नका. आधी कंपनी काय देतेय ते बघा, मग लहानपणापासून आपल्याला तेच हवं होतं असं आठवा. दोन मिनिटांत जुळतं.

सुरुवात ११ महिन्यांच्या करारापासून करा. पुण्यात भाड्यानं राहता म्हणजे हा आकडा अंगवळणी पडलेला आहेच. घर आणि नोकरी एकाच महिन्यात संपेल असं बघा, टेम्पो एकदाच सांगावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतीच्या नोकरीत वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, देऊ केली आहे, पूर्वी ५ वर्षं थांबावं लागे. ११ आणि १२ मध्ये असा कितीसा फरक, असं तुम्हाला वाटेल. एचआरला तो चोख माहीत असतो. सरकारनंही २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आधी ६ महिने दिले आणि मागणी झाल्यावर वाढवून किती केले? अकराच. तेव्हा आकडा शुभ आहे.

बरं, ग्रॅच्युइटी मिळाली नाही तरी दिसते. सीटीसीच्या, म्हणजे तुम्ही कंपनीला वर्षाला एकूण कितीला पडता त्याच्या, तक्त्यात पहिल्या दिवसापासून मूळ पगाराच्या ४.८१ टक्के मांडलेली असते, शेजारी पीएफमधला कंपनीचा वाटाही. हा मोठा आकडा गावी फोनवर सांगायचा. हातात पडतो तो मेसच्या काकूंना सांगायचा.

शिकायची आवड असेल, तर चाकणला अप्रेंटिस व्हा. १९६१ चा कायदाच म्हणतो की शिकाऊ उमेदवार म्हणजे कामगार नव्हे. शेजारच्या परमनंट माणसाइतकेच बोल्ट आवळलेत, तरी ते तुमचं शिक्षण. वर फी न घेता स्टायपेंड देतात, याची जाण ठेवा.

हिंजवडीचीच हौस असेल, तर थर्ड पार्टी पेरोल आहे, म्हणजे काम एका कंपनीत आणि पगार दुसरीकडून. बस तीच, लिफ्ट तीच, वाकडचं ट्रॅफिकही तेच. फक्त गळ्यातल्या पट्ट्याचा रंग वेगळा, आणि पगाराच्या स्लिपवर अशा कंपनीचं नाव जे तुम्हालाही पहिल्यांदा गुगल करावं लागलं. स्थळाकडची मंडळी 'ऑन रोल ना?' असं विचारतील. तेवढ्यात पोह्यांची बशी पुढं करायची.

नोटीस पीरियडचं कलम वाचू नका, उगाच झोप जाते.

इतकं करूनही परमनंटचं खूळ जात नसेल, तर सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत अभ्यासिका आहेत. खुर्ची महिन्याच्या बोलीवर मिळते, आणि लोकांनी ती सहा-सहा, सात-सात वर्षं सांभाळली आहे.