आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं जुनी होडी विकणारा सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि तोच पुढे त्याला सांभाळतो. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांची, जागोजागी पोचे आलेली मासेमारीची होडी घराच्या आवारात येऊन पडली की मन लगेच हिशेब मांडतं: घासायची, रंगवायची, पाण्यात ढकलायची. मी या कामाच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला एकच सांगतो. होडीचं वाटोळं पाणी फारसं करत नाही, माया करते. गळती दिसली की आधीच्या प्रत्येक मालकानं तिच्यावर आपापला उपाय केलेला असतो. आपल्या वाट्याला येते ती या उपायांची दुरुस्ती.

त्यातला सगळ्यात लाडका उपाय म्हणजे सिलिकॉन. न्हाणीघरातल्या फरशीच्या फटी बुजवून उरलेली नळी होडीच्या सांध्यावर पिळायची आणि बोटानं सारखं करायचं, याला अक्कल लागत नाही आणि वेळही लागत नाही. दोन मोसमांत ते कडेनं सुटतं, त्याखाली पाणी शिरतं आणि गळती आता आतून चालू होते. ते खरवडून काढलं तरी मागे एक अदृश्य थर राहतो. त्यावर इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा डिंक) धरत नाही, पॉलियुरेथेन (फटी बुजवायचं रबरासारखं सीलंट) धरत नाही, रंग तर नाहीच नाही. गंमत म्हणजे नवं सिलिकॉनसुद्धा जुन्यावर धड चिकटत नाही. नुसतं थिनरनं पुसलं तर ते निघत नाही, फक्त पसरतं. आधी प्लास्टिकच्या खरवडणीनं काढा, मग नायलॉनच्या खरखरीत घासणीनं घासा, मग द्रावकात भिजवलेल्या फडक्यानं एकाच दिशेनं पुसा आणि दर पुसण्याला फडक्याची घडी बदला. झालं असं वाटलं की त्या जागी स्वच्छ पाण्याचा फवारा मारून डोळे पत्र्याच्या पातळीला आणून बघा. पाणी सलग पसरलं तर पत्रा साफ आहे. थेंब गोळा होऊन मणी बनले, तर पुन्हा पहिल्यापासून. मणी बनतातच.

घासायला लोखंडी तारेची घासणी किंवा स्टील वूल मात्र घेऊ नका. त्याचे बारीक कण मऊ पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात होडीला गंजाचा गोवर उठतो.

आता गळती शोधणं. रिव्हेटनं, म्हणजे दोन्ही टोकांना डोकं ठोकलेल्या खिळ्यांनी, जोडलेल्या होडीत हे काम उलटं करतात: होडी पाण्यात घालायची नाही, पाणी होडीत घालायचं. मागचं बूच लावायचं, आत पाणी सोडायचं आणि खाली लोळून कुठे टिपकतंय ते बघायचं. इथे उत्साहाला लगाम हवा. होडीचा तळ साधारण ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धरला, तर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४८० लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा टन. तळ बाहेरून येणारा दाब सोसायला घडवलेला असतो, आतून येणारा नाही. ट्रेलरच्या दोन फळ्यांवर हे वजन टाकलं की मधला पत्रा खाली फुगतो आणि शाबूत रिव्हेटही ढिले होतात. तेव्हा तळाखाली आडवे ठोकळे सरकवा आणि पाणी सांध्यांच्या वर येईल एवढंच भरा.

मग खाली उताणं पडून, फडक्यानं तळ कोरडा करून वाट बघायची. थेंब जिथे पडतो तिथे चोर नसतो. पाणी वरच्या रिव्हेटमधून निघतं, सांध्याच्या कडेकडेनं चालत जातं आणि सगळ्यात खालच्या बिचाऱ्या रिव्हेटच्या डोक्यावरून टपकतं. म्हणून वरून खाली पुसत यायचं आणि ज्या जागी ओल पहिल्यांदा फुटते तिथे खूण करायची. खूण मार्करनं. पेन्सिलनं नाही, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला खातं. विमानाच्या पत्र्यावर पेन्सिल चालत नाही ती याचसाठी. एका शिशपेन्सिलीनं होडी बुडेल असं मी म्हणत नाही, पण भोकं बुजवायला निघालेल्यानं नव्या भोकांची रेखाटनं करू नयेत.

ढिला रिव्हेट लगेच काढायचा नसतो, आधी पुन्हा ठोकून बघायचा. याला दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस डोक्यावर रिव्हेटचा ठसा (डोक्याच्या आकाराची खोबण असलेलं पोलादी अवजार) धरून हातोडा मारतो, आतला माणूस शेपटावर, म्हणजे आतल्या टोकावर, पोलादाचा जड ठोकळा घट्ट दाबून धरतो. घरातल्या नात्यांची यासारखी परीक्षा नाही. एकाला दुसरा दिसत नाही, दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येत नाही, आणि आतल्यानं ठोकळा किंचित तिरका धरला की रिव्हेटऐवजी पत्र्यालाच पोचा येतो. त्यावर कोण काय बोललं होतं याची चर्चा जेवणापर्यंत चालते. आधीच ठरवून टाका: आतल्यानं "हं" म्हटल्याशिवाय बाहेरच्यानं हातोडा उचलायचा नाही. दोन-चार नेमके ठोके पुरतात. जोर काढला तर भोक रुंदावतं आणि शेजारचे दोन रिव्हेट सैल होतात.

तरीही गळलाच, तर डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून फक्त डोकं ड्रिल करायचं, पत्र्याला धक्का न लावता. नवा भरीव रिव्हेट घेताना दांड्याची लांबी मोजून घ्या: जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी, अधिक व्यासाच्या दीडपट. १.६ मिलिमीटरचे दोन पत्रे आणि ४.८ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर ३.२ अधिक ७.२, म्हणजे साधारण १०.४ मिलिमीटर. नीट ठोकला की आतलं डोकं सुमारे ७ मिलिमीटर रुंद आणि २.४ मिलिमीटर उंच होतं. दांडा आखूड असेल तर डोकं धरत नाही, लांब असेल तर वाकून आडवा पडतो. जिथे आत हात पोचत नाही तिथे पॉप रिव्हेट (आतली खिळी ओढून बाहेरूनच बसवतात तो), पण बंद टोकाचाच. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो. आतली खिळी आज ना उद्या निसटते आणि तुम्ही स्वतःच्या हातानं, मापात, सुबक भोक पाडून ठेवलेलं असतं. कुठलाही रिव्हेट बसवताना पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून बसवावा.

एवढं झालं की आतून सांध्यांवर दोन घटकांचं पातळ इपॉक्सी ब्रशनं लावायचं. होडी उन्हात तापलेली असली की ते पातळ होऊन फटींत उतरतं. क्रम मात्र हाच. आधी इपॉक्सी आणि मग ठोकाठोक केली तर इपॉक्सी तडकतं.

या टप्प्यावर कुणीतरी सुचवतो, "एवढी खटपट कशाला, वेल्डिंग मारून टाका." अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही. आत्ता पत्रा होता, आत्ता खिडकी आहे, असा प्रकार. वरचा ऑक्साइड मात्र २००० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून साफ पत्रा, योग्य यंत्र आणि कसलेला हात तिन्ही लागतात. सांध्यांत मुरलेलं जुनं सीलंट तापून फसफसतं आणि आसपासचे रिव्हेट सैल होतात ते वेगळंच. चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि वरून त्याच जाडीचं ठिगळ सीलंट लावून रिव्हेट करा. ठिगळ दिसतं. दिसू दे.

आता खरा शत्रू: दुसरे धातू. अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजण्याची पाळी नेहमी अ‍ॅल्युमिनियमवरच येते. मागच्या मालकाचे पितळी स्क्रू, तळात पडलेलं तांब्याचं नाणं, गळाची शिशाची वजनं, सगळं वेचून काढा. फळ्यांच्या खाली चिखलात रुतलेलं एक नाणं आपल्या आकाराचा खड्डा पत्र्यात कोरत बसतं. स्टेनलेसचे बोल्ट अगदीच टळत नाहीत, पण खाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट हवीच. होडीच्या तळाला शेवाळ लागू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच रंगांत तांब्याचा ऑक्साइड असतो. तो या होडीला लावणं म्हणजे संपूर्ण तळाला एकाच वेळी नाणी चिकटवण्यासारखं आहे. डब्यावर अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं लिहिलेलं असेल तरच घ्या. इंजिनजवळचा, होडीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा खाऱ्या पाण्याला जस्ताचा, गोड्याला मॅग्नेशियमचा. आणि त्याच्यावर रंग मारू नका. तो झिजण्यासाठीच लावलेला असतो, रंगवला की नोकरी सोडतो.

लाकडाचं हेच. इंजिन ज्या मागच्या भिंतीला टांगतात तिच्या आत प्लायवूड असतं आणि ते हमखास कुजलेलं निघतं. इंजिन धरून वर-खाली हलवा. भिंत डुलली तर ती उघडावीच लागणार. तिथे वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड टिकाऊ म्हणून घालू नका, टिकतं ते लाकूड आणि जातो तो पत्रा. १८ मिलिमीटरचे मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीनं चिकटवून, कडांना तीन हात इपॉक्सी पाजून बसवा. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीनं भरा आणि मग त्यातच मापाचं भोक पाडा, म्हणजे पाण्याला लाकूड दिसतच नाही. जुन्या तुकड्याचा छाप फेकण्याआधी कागदावर काढून घ्या. कुजलेला तुकडा काढताना त्याचा भुसा होतो आणि मग माप घ्यायला भुसा उरतो.

बाकांच्या आतला फोम काढताना मात्र हात आवरा. पिवळा पडलेला, पाणी प्यायलेला फोम काढलाच पाहिजे, तो उचलला की होडी अचानक हलकी का झाली ते कळतं. पण "जागा मोकळी झाली" म्हणून तिथे मासे ठेवायचा डबा बसवू नका. होडी पाण्यानं भरली तर ती त्याच फोमवर तरंगते. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, नवा फोम तेवढाच परत घाला. थर्माकोल घातला तर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. पाणी मागे वाहायची वाट तळाशी मोकळी ठेवा. आणि बाक काढून सपाट डेक करायचा मोह होतो, पण बाक दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवतात. बाक गेले की बाजू फाकतात, आणि डेक उंच केला की उभा राहणारा माणूस पाण्यात जातो.

रंगाबद्दल थोडक्यात. कॉस्टिक सोडा लावून जुना रंग काढू नका, तो पत्राही खातो आणि हायड्रोजन सोडतो. १२० नंबरच्या कागदानं ओलं घासा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि मास्क लावा. घासून पुसल्यावर काही तासांतच अ‍ॅल्युमिनियमचा एच प्रायमर (पत्रा किंचित कोरून त्याला धरणारा पहिला हात) लावा. "उद्या सकाळी लावू" म्हटलं की रात्रभरात ऑक्साइड पुन्हा दाट होतो आणि रंग पुढच्या मोसमात चादरीसारखा निघतो. त्यावर इपॉक्सी प्रायमर मारायचा असेल तर दोन्ही डबे आधी वाचा. काही जोड्या एकमेकींशी पटवून घेत नाहीत.

पाण्यात ढकलल्यावर दोरी लगेच सोडू नका. किनाऱ्याला बांधूनच अर्धा तास थांबा, मधल्या फळ्या उचला आणि मार्कर हातात ठेवा.