जात म्हणे इंग्रजांनी आणली!

‘भारतात जाती नव्हत्याच. १८७१ च्या जनगणनेत इंग्रजांनी त्या तयार केल्या, मनुस्मृतीत भेसळ केली आणि हिंदू धर्म बदनाम केला. मेकॉलेने तर पार्लमेंटात कबुलीच दिली.’ हा मेसेज नुसता व्हॉट्सॲपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण भाच्याने तो जसाच्या तसा वहीत उतरवला, आणि कशासाठी, तर शाहू जयंतीच्या भाषणासाठी. कोल्हापुरात!

पहिलंच वाक्य घ्या. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ठरला. महाराजांना क्षत्रिय मानायला इथला ब्रह्मवृंद तयार होईना, म्हणून काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं. स्वराज्य उभं करणाऱ्या माणसाची चव्वेचाळिशीत आधी मुंज लावली, मग अभिषेक झाला. तेव्हा इंग्रज कुठे होते? त्यांचा हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन त्याच सोहळ्याला पाहुणा म्हणून आला होता. जनगणनेचे फॉर्म काही त्याच्या खिशात नव्हते.

सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा तेच. कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी भटजी वेदांतले (वेदोक्त) नव्हे, पुराणांतले (पुराणोक्त) मंत्र म्हणत होता. का, तर शूद्रांना वेदोक्त चालत नाही. छत्रपतींना, त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच घाटावर! हा नियम त्याला कुठल्या गोऱ्या साहेबाने शिकवला होता? पुढे राजोपाध्यांनीही, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनीही, वेदोक्ताला नकार दिला, तेव्हा महाराजांनी त्यांची वतनं जप्त केली. राजाची ही गत, तर बाकीच्यांचं काय विचारता. चौदाव्या शतकातल्या चोखोबांची समाधी पंढरपुरात आजही देवळाच्या दाराबाहेरच आहे.

आता खरं आहे तेवढं मान्य करतो, नाइलाजाने का होईना. १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्लेने जातींची उच्चनीच क्रमवारी लावायला घेतली आणि ‘आम्हाला वर घ्या’ म्हणून जातीजातींचे अर्ज सुरू झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. त्याचे भोग पारध्यांच्या वाट्याला अजून आहेत. इंग्रजांना झोडायचं तर यावरून झोडा की.

मनुस्मृतीचं म्हणाल, तर विल्यम जोन्सचं इंग्रजी भाषांतर १७९४ चं. त्याने आधाराला घेतलेली कुल्लूकभट्टाची टीका (म्हणजे मनुस्मृतीवरचं भाष्य) कित्येक शतकं आधीची, मेधातिथीची त्याहून जुनी. श्लोक इंग्रजांनी घुसडले असते तर हे टीकाकार लिहीत कशावर होते? हां, १७७२ पासून कंपनीच्या कोर्टांत शास्त्रग्रंथांना नको तेवढं वजन आलं आणि गावोगावचे, जातीजातीचे रिवाज मागे पडले. सगळ्या हिंदूंचा कायदा एका पोथीत सापडतो, ही समजूत बऱ्याच अंशी तिथली.

राहिला मेकॉले, इथे इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारा साहेब. ‘या देशात मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही’ हे कबुली म्हणून फिरवलं जाणारं त्याचं भाषण म्हणे २ फेब्रुवारी १८३५ चं, पार्लमेंटातलं. त्या तारखेला साहेब हिंदुस्थानात होते. शिक्षणावरचं त्यांचं टिपण त्याच दिवसाचं आहे, आणि त्यात चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं ठरवलंय. भाच्याला फडताळाचं तेवढं एक वाक्य भाषणात घालू दिलंय.