खापर एकट्या रिसेप्शनवर नको

ब्रिटनमधल्या आश्रयार्थींच्या हॉटेलांवरच्या एका लेखात, तिथे धोक्यात असलेल्या माणसांकडे दुर्लक्ष होतं याचं सगळं खापर रिसेप्शनवरच्या माणसावर फोडलंय. अर्धंच खरं आहे ते. 2019 पासून निवासाची कंत्राटं सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन खासगी कंपन्यांकडे. 24 तासांची हेल्पलाइन मात्र मायग्रंट हेल्प या संस्थेकडे. तक्रार ऐकणार एक, खोली देणार दुसरा, मंजुरी होम ऑफिसची, म्हणजे तिथल्या गृहखात्याची. गळती होते ती या सांध्यांत, आणि सगळ्यात जास्त माणसाला दुसऱ्या शहरात हलवताना. आत्महत्येचे विचार बोलून दाखवल्याची नोंद जुन्याच ठिकाणी राहते, नव्या दवाखान्यात नाव लागेपर्यंत गोळ्या संपतात. म्हणून गाडी निघण्याआधीच नोंद पुढे पोचल्याची खात्री करायची आणि पुरेशा गोळ्या सोबत द्यायच्या.

दुभाषी म्हणून नवऱ्याला किंवा पोराला बसवणं तर साफ चूक. मारहाणीबद्दल त्यांच्यादेखत कोण बोलणार?

आणि ‘होम ऑफिसला मेल टाकला’ म्हणजे काम झालं नाही. इंग्लंडमध्ये काळजीची गरज असलेल्या प्रौढाच्या छळाची शंका आली, तर केअर अ‍ॅक्ट 2014 च्या कलम 42 खाली चौकशीची जबाबदारी स्थानिक काउन्सिलची (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था) असते, कळवायचं तिथे. प्रौढ ठरवून परक्या पुरुषांसोबत ठेवलेला मुलगा ‘मी 16 चा आहे’ म्हणाला, तर त्याच दिवशी काउन्सिलच्या बालविभागाला फोन करायचा, वयाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही.