सापाची लस घरात ठेवू नका, आणि तो मेसेज पुढे ढकलू नका

पाऊस सुरू झाला की ‘सापाच्या लशीची एक बाटली घरात ठेवा’ हा मेसेज फिरायला लागतो. काल तो मावशीने पाठवला, खाली प्रश्न: ‘मेडिकलमध्ये मिळेल का गं?’ मेसेज म्हणतो, चावलेल्या जागी एक बाटली टोचा. आधी कातडीत थेंबभर टोचून बघा, पित्ताची गांध उठली नाही तर बिनधास्त द्या. रिअ‍ॅक्शन आलीच तर एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध). मुलांना निम्मा डोस.

एक बाटली? विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातच साधारण 10 बाटल्यांनी होते. पावडर 10 मिलि पाण्यात हलकेच फिरवून विरघळवायची (जोरात हलवली की फेस होतो), मग सलाइनमधून तासाभरात शिरेतून द्यायची. चावलेल्या जागी टोचून विषापर्यंत औषध पोचत नाही, सुजलेल्या बोटातला दाब मात्र वाढतो. घोणस, फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही. अशा वेळी लस स्नायूत टोचली तर आतल्या आत रक्तस्राव.

आता ती चाचणी. ही लस घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनते आणि तिच्या बहुतेक रिअ‍ॅक्शन नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या वाटेने येतच नाहीत. म्हणून कातडी स्वच्छ राहिली तरी दहा मिनिटांनी बीपी कोसळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत ही चाचणी करू नका असं सरळ लिहिलंय: अंदाज देत नाही, वेळ खाते, वर शरीराला लशीची अ‍ॅलर्जी जडवू शकते.

एव्हिलचा मुद्दा सगळ्यात घातक. श्रीलंकेत 1,007 रुग्णांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. लशीआधी कातडीखाली दिलेल्या 0.25 मिग्रॅ अ‍ॅड्रेनलिनने पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन 43 टक्क्यांनी घटल्या. एव्हिलच्याच जातकुळीतलं प्रोमेथाझिन आणि हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड यांनी काही फरक पडला नाही. म्हणून वॉर्डात अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवूनच ड्रिप लावतात. खाज, पित्ताच्या गांधी, उलटी, खोकला, धाप यांतलं काहीही दिसलं की ड्रिप बंद, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत 1:1000 तीव्रतेचं अ‍ॅड्रेनलिन 0.5 मिलि, मुलांना किलोमागे 0.01 मिलि. पाच-दहा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. एव्हिल, स्टेरॉइड त्यानंतर. रुग्ण सावरला की लस हळू वेगाने पुन्हा सुरू करतात. घरच्या ओट्यावर यातलं काय होणार आहे?

मुलांचा निम्मा डोस साफ चूक. साप लहान मूल बघून कमी विष सोडत नाही; लस मोठ्यांइतकीच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: लशीने माणूस दगावू शकतो, आणि प्रत्येक दंशाला ती लागत नाही. बिनविषारी साप असतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. कोकणातल्या चापड्याच्या विषावर तर आपली लस बनलेलीच नाही; ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी. पण लस द्यायची की नाही हे लक्षणं बघून आणि रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवून गोठतंय का हे तपासून डॉक्टर ठरवतात. नळीतलं रक्त पातळच राहिलं तर लस सुरू.

मावशी, मेडिकलमध्ये विचारू नकोस. हातपाय न हलवता, दोरी न आवळता 108 ला फोन. सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते. तापाने अंग दुखायला लागलं, सांधे धरले तर आठवड्या-दीड आठवड्यानंतरही पुन्हा दाखवायचं. तोही लशीचाच परिणाम असू शकतो.